अकरा ठिपक्यांची दुपार

मित्रांनो, माझ्या दाराची रबरी पट्टी दोन ठिकाणी फाटली आहे आणि माझा एक पाय विटेवर टेकला आहे. तेव्हा मी जुनी आहे, हे वेगळे सांगायला नको. मला इन्क्युबेटर म्हणतात, म्हणजे ऊब धरून ठेवणारी पेटी. माझ्या भिंती दुहेरी आहेत आणि त्यांच्या मधल्या पोकळीत पाणी भरलेले असते. त्या पाण्यामुळे माझ्या पोटातली ऊब सहसा ढळत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाने आणि मग ट्रकने मी हरियाणातल्या एका पशुप्रयोगशाळेत आले. खिडकीबाहेर म्हशी, गोठ्यात म्हशी, लोकांच्या बोलण्यातही म्हशी! माझे कामही म्हशींचेच होते. माझ्या पोटात सदैव साडेअडतीस अंश ऊब ठेवायची, कारण म्हशीच्या पोटात तेवढीच असते.

माझी मालकीण म्हणजे डॉक्टर भतेरी. घरात चौथी मुलगी झाली तेव्हा 'आता पुष्कळ झाल्या' या अर्थाने तिचे नाव भतेरी ठेवले होते. ती ते स्वतःच हसत हसत सांगायची. तिचा मदतनीस रोहताश पन्नाशीचा होता. तो मला 'बुढिया' म्हणायचा आणि रोज सकाळी आधी मला पुसून मग चहा घ्यायचा.

एके दिवशी चंद्रो दादी आली. शेजारच्या गावातली ही एकटी राहणारी म्हातारी आणि तिची लाडो नावाची म्हैस, दोघींना सारा जिल्हा ओळखत असे. लाडो दिवसाला सव्वीस किलो दूध द्यायची. तिने जत्रेत तीन वेळा पहिले बक्षीस मिळवले होते. पण आता ती सतरा वर्षांची झाली होती आणि तिला एकही रेडकू उरले नव्हते.

"छोरी, अशीच दुसरी बनवून दे," दादी म्हणाली. "नाव तुझं भतेरी, आणि काम एकीच्या दोन करायचं! तुझ्या आईने ऐकलं तर काय म्हणेल?"

"दादी, बनेलच असं नाही. शंभरात एखादी बनते," भतेरी म्हणाली.

"मग शंभर वेळा कर. मला कुठे जायचंय?"

भतेरीने लाडोच्या शेपटीखालून तांदळाच्या दाण्याएवढी कातडी घेतली. तिच्यातल्या पेशी माझ्याच पोटात वाढल्या, मग नळ्यांमध्ये गोठवून ठेवल्या गेल्या. पुढच्या फाल्गुनात लाडो म्हातारपणाने गेली.

मित्रांनो, एका म्हशीची हुबेहूब दुसरी, म्हणजे क्लोन, बनवायचे आमचे काम असे चाले. कत्तलखान्यातून आणलेल्या म्हशींच्या अंडाशयांतून रोहताश बीजांडे काढायचा. भतेरी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका बीजांडाचे केंद्रक काढून टाकायची, त्याच्या जागी लाडोची एक पेशी ठेवायची आणि विजेचा हलकासा झटका द्यायची. दोन्ही एक झाली की ती बशी माझ्याकडे यायची. मग एकाचे दोन, दोनाचे चार असे ते भ्रूण वाढू लागायचे. मी फक्त ऊब द्यायची आणि स्तब्ध राहायचे.

पण तीन महिने सगळे भ्रूण चाराच्या पुढे गेलेच नाहीत. दादी दर मंगळवारी लस्सीचे मडके घेऊन यायची आणि विचारायची, "उगवलं का गं काही?" भतेरी मान हलवायची. एकदा दादी गेल्यावर ती माझ्या दाराला कपाळ टेकून बराच वेळ उभी राहिली. मला तिला काही सांगता आले असते तर किती बरे झाले असते!

शेवटी एकच नळी उरली. म्हाताऱ्या जनावराच्या पेशी पुन्हा पुन्हा वाढवता येत नाहीत. जूनमध्ये भतेरीने ती नळी उघडली आणि या वेळी पाचव्या दिवशीही अकरा भ्रूण जिवंत होते. बशीत नुसते अकरा ठिपके!

त्याच दिवशी दुपारी धुळीचे वादळ आले, विजेचा खांब पडला आणि मी गप्प झाले. जनरेटर सुरू होईना. उंदरांनी त्याची वायर कुरतडली होती. रोहताश पाने-पक्कड घेऊन तिकडे धावला.

तुम्हाला वाटेल, वीज गेली म्हणजे पेटी गार पडेल. पण आमच्याकडचा जून होता तो! पंखे बंद, खोलीत त्रेचाळीस अंश. माझ्या भिंतींतले पाणी हळूहळू तापू लागले. आतल्या तापमापीचा काटा साडेअडतीसवरून एकोणचाळीसकडे सरकला. मित्रांनो, ज्यांना मी सांभाळायचे, तेच माझ्यामुळे भाजून निघणार, या विचाराने मी हादरून गेले.

तेवढ्यात दारात दादी. कमरेवर मडके, मडक्याभोवती ओला खेस, म्हणजे जाड सुती चादर, गुंडाळलेला. भतेरीचा चेहरा पाहून तिने काय झाले ते ओळखले. काटा कुठे असायला हवा, एवढेच विचारले. मग मडक्याचा खेस सोडला.

"हे घे. मडकं गार राहतं, तर तुझी पेटी नाही राहायची?"

"दादी, हे यंत्र आहे..."

"यंत्र असेल तुझ्यासाठी. मला तर मडकंच दिसतंय. पिळून गुंडाळ, बावळे, बघत काय बसलीस!"

भतेरीने माझी विजेची पिन काढली आणि दोघींनी मला ओल्या खेसात गुंडाळले. दादी पुठ्ठ्याने वारा घालू लागली. भतेरी काचेला डोळा लावून आकडे सांगत होती.

"उतरतंय... साडेअडतीस... दादी, खाली चाललंय, काढा!"

"काढलं."

"चढतंय, घाला!"

"अगं, लग्नातल्या नवरीला कुणी एवढ्या ओढण्या बदलल्या नसतील!"

साडेतीन तास हे चालले. दार एकदाही उघडले नाही. मग जनरेटर धडधडला आणि रोहताश ग्रीसने काळा होऊन आत आला. मला खेसात पाहून म्हणाला, "बुढियाला थंडी वाजली की काय?" तिघेही हसत सुटले. मडक्यातली लस्सी पार आंबली होती, तरी तिघांनी ती पिऊन टाकली.

अकरांपैकी तीन ठिपके पूर्ण वाढले. ते तीन म्हशींच्या गर्भाशयांत ठेवले. दोन टिकले नाहीत, एक टिकला. दहा महिन्यांनी, चैत्रात, एक काळीभोर रेडी जन्मली.

पुढचे मी रोहताशच्या तोंडून ऐकले. दादीने रेडीपुढे हात धरला. लहानपणी लाडो तो हात चाटायची. या पोरीने हात हुंगला, पाठ फिरवली आणि दुधाची बादली लाथेने उडवून गोठाभर धावली.

भतेरी हळूच म्हणाली, "दादी, शरीर अगदी तेच आहे."

दादीचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "शरीर लाडोचं, खोड्या हिच्या स्वतःच्या. लाडो गेली गं, छोरी. तिला न्यायला आले होते, आता हिला घेऊन जाते." तिने तिचे नाव ठेवले रौळी. त्यांच्या बोलीत रौळा म्हणजे गोंधळ.

पुढे नवी पेटी आली आणि मी व्हरांड्यात गेले. माझ्यावर फायली साचल्या, आत रोहताश दही लावू लागला. दही छान लागायचे, हे मी अभिमानाने सांगते. पण भिंतींतले पाणी आटले, गंज चढला, आणि मला भंगारात द्यायचे ठरले. तेव्हा रोहताशनेच धावपळ केली. त्याने गंज खरवडला, पाणी भरले आणि मला दादीच्या गावच्या शाळेत पोहोचवले.

आता माझ्या पोटात कोंबडीची वीस अंडी आहेत. मुली परवा-परवापर्यंत दिवसातून तीनदा ती हळूच फिरवत होत्या आणि माझे पाणी अजूनही तपासतात. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या शाळेच्या कोपऱ्यात माझ्यासारखे कुणी धूळ खात पडले असेल, तर फेकण्याआधी एकदा पुसून पाहा.

आज एकविसावा दिवस आहे. खिडकीजवळच्या अंड्याला बारीक तडा गेला आहे आणि आतून कुणीतरी टकटक करते आहे. जरा गप्प राहता का? मला ऐकायचे आहे.