माईंच्या बाजूची काच

"माई गो, आज गाडी येगलीच हाय!" शेजारची बनूबाई अंगणातून ओरडली. "काली कुलकुलीत. वर टप हाय तिला. कुनाची गो ही?"

माई चुलीपुढून उठल्या आणि पदराला हात पुसत उंबऱ्यापर्यंत आल्या. खरं तर गाडी आलेली बनूबाईच्या आधी त्यांना कळायला हवी होती. मुलाची, दिनानाथची, ती बुटकी उघडी एमजी मोटार दर रविवारी नदीकडच्या वळणाला लागली की अर्ध्या बदलापूर गावाला जाग आणायची. कुत्री भुंकायची, पोरं धावायची, आणि माई तव्यावरची भाकरी उतरवून चपला शोधायला लागायच्या. आज यातलं काहीच झालं नाही. हॉर्नसुद्धा वाजला तो एखाद्या सभ्य माणसानं दारात खाकरावं तसा.

माई उंबऱ्यातच थबकल्या.

का ते गावात एकट्या बनूबाईला ठाऊक होतं. माईंना दिसत नव्हतं. उजेड कुठला आणि अंधार कुठला एवढं कळे, माणूस समोरून गेलं तर सावली हलल्यासारखी वाटे, बाकी सगळं धुकं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा काचबिंदू, गेलेली नजर परत यायची नाही, असं कल्याणच्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा बनूबाईच सोबत होती. परत येताना तिनं माईंचा हात घट्ट धरून विचारलं होतं, "आता पोराला सांगशील ना?" आणि माईंनी तिला तिच्या नातवाची शपथ घातली होती.

पोराला सांगितलं तर काय होणार हे माईंना पक्कं माहीत होतं. दिनानाथ अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मोठा अधिकारी. बंगला, बाग, गडीमाणूस. तो त्याच दिवशी आईला उचलून नेईल आणि चांगल्यापैकी खुर्चीत बसवील. पनवेलच्या त्यांच्या थोरल्या जाऊबाईंना असंच बसवलं होतं. हातात पेला देत, घास देत, जपमाळ देत. दोन पावसाळ्यांत त्या बाईला स्वतःची वेणी घालता येईना. माईंचं घर होतं दोनच खोल्यांचं, पण त्यात त्यांची हुकमत होती. मिठाच्या डब्याला सुतळी, साखरेच्या डब्याला चिंधी, विहिरीपर्यंत जाताना डाव्या हाताला तुळस आणि उजव्या हाताला बनूबाईची शिव्या देणारी म्हातारी सासू. इथं त्या कुणाच्या आंधळ्या आई नव्हत्या, माई होत्या.

आणि दिसत असल्याचं रविवारचं सोंग त्या छोट्या गाडीच्या जिवावर चालायचं. ती गाडी म्हणजे चार चाकांवर ठेवलेलं पिंप. वर टप नाही, बाजूला काच नाही, दार इतकं खाली कापलेलं की बसल्या बसल्या हात बाहेर लोंबावा. रस्त्यातला एकेक दगड कमरेला नाव सांगून जायचा. नदीचा गारवा गालाला लागला की गाव सुटलं. मग आमराई, मग चिंचांची सावली डोक्यावरून थंड थंड सरकायची, आणि काडेपेटीच्या कारखान्याचा वास नाकात चढला की अंबरनाथ आलं. "अरे, काय मोहरलाय आंबा यंदा!" माई म्हणायच्या. दिनानाथ खूश व्हायचा. "तुझी नजर अजून माझ्यापेक्षा चांगली आहे," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि माई मान खाली घालून हसायच्या.

"माई, चल लवकर!" दिनानाथ आत आला. आवाजात अगदी शाळकरी पोराचा उत्साह. "आमच्या पलीकडच्या मिलचा साहेब विलायतेला परत चाललाय. त्याची गाडी. म्हणाला, रविवारी फिरवून बघ, आवडली तर ठेव. एमजी काढून टाकीन मग. पण ठरवायचं तू. दर रविवारी बसायचं तुलाच."

"मी काय ठरवणार? मला गाड्यांतलं कळतं होय?"

"कळायचं काय त्यात? एमजी हलकी, वळणावर बोटाच्या इशाऱ्यानं वळते, मला मजा येते. पण तुझी हाडं खिळखिळी होतात. ही बघ, बंद टप, आत चामड्याची सीट, लाकडाची फळी, धूळ नाही, धक्का नाही. पळायला तर एमजीच्या दुप्पट, पण आतल्या माणसाला पत्ता लागत नाही. आणि मुख्य म्हणजे हिला मागं सीट आहे. कुंदा आलीये आज."

हे माईंना नवीन होतं. एमजीत दोघंच मावत. त्यामुळे दर रविवारी मुलगा आईला आणायला यायचा, संध्याकाळी पोचवायला यायचा, आणि सून कुंदा दोन्ही वेळा बंगल्याच्या फाटकापाशी उभी. लग्नाला दोन वर्षं झाली होती. "मला एकदा तुमचं गाव बघायचंय हो माई," असं ती एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती, तक्रारीचा सूर न लावता. माईंना तेव्हाही वाईट वाटलं होतं.

त्या सुनेचं तोंड माईंनी कधी पाहिलंच नव्हतं. लग्न लागलं तेव्हाच धुकं दाट झालेलं. सूनमुख बघायच्या वेळी भटजींनी आरसा पुढे धरला, बायका वाकून वाकून बघायला लागल्या, आणि माईंना आरशात एक हिरवा डाग दिसला, शालूचा असावा. "लक्ष्मी आहे हो," त्या म्हणाल्या आणि अंदाजानं साखर भरवली. ती अर्धी हनुवटीला लागली होती. बायका हसल्या होत्या. माईंना ते हसू अजून आठवायचं.

"या माई," कुंदाचा आवाज गाडीपाशी आला. "तुम्ही पुढं बसा. मी मागं. मला मागंच आवडलंय."

माईंनी सवयीनं हात पुढे केला. एमजीच्या दाराची कड जिथं असते तिथं हात गेला आणि काचेवर खण्णकन आपटला. बांगडी वाजली.

"काच पुसलीय पण काय लख्ख! आहे असं वाटलंच नाही मला," माई पटकन म्हणाल्या.

दिनानाथ हसला. कुंदानं दार उघडलं आणि माईंच्या कोपराला आधार दिला. अंगणातून बनूबाई म्हणाली, "जपून गो माई," आणि तिच्या आवाजातली काळजी फक्त माईंना कळली.

दार बंद झालं, आणि माईंचं जग संपलं. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही. नदी नाही, धूळ नाही, वारा नाही. चामड्याचा आणि पॉलिशचा वास, मागून कुंदाच्या केसांतल्या मोगऱ्याचा. गाडी निघाली की उभी आहे हेसुद्धा पाठ सीटला टेकली म्हणून कळलं. दगड कुठं गेले? त्या मऊ सीटनं सगळे गिळून टाकले होते.

"कसं वाटतंय?" दिनानाथ विचारत होता. "काटा बघ, काटा! एमजीत एवढ्या स्पीडला टोपी उडाली असती. इथं आपण गप्पा मारतोय."

"छान आहे रे," माई म्हणाल्या. मांडीवर हात एकमेकांत घट्ट धरून त्या मनात रस्ता मोजत होत्या. आता नदी. आता आमराई. मागं कुंदा गुणगुणत होती. बागेत फुलं तोडताना गुणगुणतात तसं, स्वतःशीच. मधेच म्हणायची, "अगंबाई, केवढी शेतं!" आणि पुन्हा गुणगुणायची. किती थोडक्यात खूश होते ही पोर, असं माईंना वाटलं, आणि तेवढ्यात आमराईचा हिशेब चुकला.

दिनानाथ त्याच्या नादात होता. त्याला गाडी पळवायची होती, आणि अंबरनाथ तर हा हा म्हणता आलं. तसा तो न थांबता पुढे निघाला, थेट उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पाकडे, आणि सांगायचं विसरला. डोळस माणसाला कुणी सांगत नाही.

"माई, बघितलंस का?" त्यानं काहीतरी दाखवलं. "केवढं झालं नाही हे सगळं?"

माईंच्या हिशेबानं चिंचा आल्या होत्या.

"हो तर," त्या म्हणाल्या. "चिंच काय लगडलीय! पार वाकल्यात फांद्या."

गाडी तेव्हा कॅम्पातल्या बाजारातून हळूहळू चालली होती. दोन्ही बाजूंना लष्करी बराकी, बराकींना जोडलेली पत्र्याची दुकानं, कापडाचे तागे, खाटा, माणसंच माणसं. औषधाला झाड नव्हतं.

"चिंच?" दिनानाथ म्हणाला.

माईंना त्याच्या आवाजावरून कळलं. आपण कुठं आहोत ते नाही, पण चुकलो एवढं कळलं. झालं, त्या मनात म्हणाल्या. खुर्ची. पेला. जपमाळ.

"त्या बराकीच्या मागं ना, माई?" कुंदाचा आवाज अगदी सहज आला. "मी पण आत्ताच बघितली. एकटंच झाड उरलंय बिचारं, पण लगडलंय मात्र."

"कुठं? मला नाही दिसली."

"गेली मागं. तुम्ही पुढं बघा बघू, म्हातारा येतोय सायकलवर."

दिनानाथनं हॉर्न वाजवला. पुढं एका दुकानापाशी गाडी थांबली. "आवो साईं, आवो!" कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं. "नई गाडी! मुबारक हो! पापड लेके जाना, एकदम ताजा."

"अजून घेतली नाही, जेठानंद. अभी देखता है," दिनानाथ उतरत म्हणाला, आणि दार धप्पकन लागलं. बाहेरचा आवाज तुटला.

गाडीत दोघी उरल्या. माई सरळ समोर तोंड करून बसल्या होत्या. पाठ ताठ. मागून चामडं करकरलं, मोगऱ्याचा वास जवळ आला. कुंदानं माईंच्या खांद्यावरून हात घातला, काचेचं हँडल चाचपलं आणि माईंच्या बाजूची काच गरागरा खाली केली.

"जरा वारा येऊ दे," ती म्हणाली.

आणि सगळं आत आलं. तेलात फुलणारा पापड, नव्या कापडाची खळ, पत्र्यावर पडणारा हातोडा, एक बाई सिंधीत कुणालातरी रागे भरतेय, एक पोर रडतंय. माईंनी खोल श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, कारण पुसलं तर ते आहे असं कबूल करावं लागलं असतं. कुंदाचा हात दाराच्या कडेवर तसाच होता. माईंनी त्यावर आपला हात ठेवला.

परतीच्या वाटेवर ती काच उघडीच राहिली. दिनानाथ एकदा म्हणाला, "धूळ येतेय, लाव ना," तर मागून उत्तर आलं, "मला लागतो वारा." बंगल्यावर जेवणं झाली, पापड भाजले गेले, आणि सुपारी कातरता कातरता त्यानं विषय काढलाच.

"मग माई? कुठली ठेवायची?"

माईंनी जेवताना ठरवून टाकलं होतं. त्या बंद पेटीत आपण फार दिवस टिकणार नाही, महिन्याभरात उघडे पडू, हे त्यांना कळत होतं. पण मागच्या सीटवरचं ते गुणगुणणं त्यांच्या कानात होतं.

"मोठीच घे," त्या म्हणाल्या. "तिघं मावतो. पोरीनं किती दिवस फाटकात उभं राहायचं?"

"वा! ठरलं तर."

"मला नाही बाई आवडली," कुंदा म्हणाली.

"काय? सकाळपासून नाचतेयस तू!"

"सकाळचं वेगळं. मागं बसून मळमळतं मला. घुसमटल्यासारखं होतं. आणि काय ती गाडी, स्वतः कुठं चाललोय ते कळत नाही आतल्या माणसाला. नको. आपली एमजी बरी."

"अगं, पण एमजीत तू..."

"मी काय पळून चाललेय का? येईन पुन्हा कधीतरी."

दिनानाथनं अडकित्ता खाली ठेवला. बायकांना गाड्यांतलं कळत नाही हे त्याचं जुनं मत होतं. आज ते पक्कं झालं. माई कुंदाच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसल्या होत्या. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं त्यांना लगेच ओळखू यायचं, स्वतः त्या कामात मुरल्या होत्या ना.

पुढच्या रविवारी एमजी आली. कुत्री भुंकली, पोरं धावली. "आली गो तुजी फटफटी," बनूबाई म्हणाली आणि खळखळून हसली. माईंनी आत जाऊन चिंधीच्या डब्याशेजारचा लहान डबा उघडला, त्यातलं काहीतरी कनवटीला लावलं आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

दिनानाथ गाल फुगवून होता. "हातची घालवली तुम्ही दोघींनी," एवढंच तो नदी ओलांडेपर्यंत म्हणाला. पण छोट्या गाडीत रागावून फार वेळ बसता येत नाही. आमराई येईतो त्याला वळण घ्यायची मजा आली आणि तो शीळ घालायला लागला.

"आमराईत कैऱ्या धरल्या रे," माई म्हणाल्या.

"कमाल आहे तुझी. मला तर दिसल्या पण नाहीत."

बंगल्याच्या फाटकाशी गाडी थांबली. माईंनी कापलेल्या दाराची कड धरली आणि त्या उतरल्या. कुंदा पुढे आली, पायाशी वाकली, आणि उठली तशी माईंनी तिला जाऊ दिलं नाही. त्यांनी दोन्ही हात तिच्या तोंडावर ठेवले.

"पीठ लागलंय," त्या म्हणाल्या.

बोटं सावकाश फिरली. रुंद कपाळ. जुळत आलेल्या भुवया. सरळ नाक, टोकाला जरासं वर उचललेलं. हनुवटीला बारीक खळी, ही तर कुणी सांगितलीच नव्हती. डोळे मिटलेले, आणि पापण्या ओल्या. कुंदा हलली नाही. माईंनी कनवटीची गाठ सोडली, खडीसाखरेचा खडा काढला आणि या वेळी हनुवटीला न लावता नेमका तिच्या ओठांत ठेवला.

"पीठ?" दिनानाथ गाडीचं दार लावत म्हणाला. "मला तर काही दिसत नाही."

"होतं," कुंदा म्हणाली. साखर तिनं अजून चावली नव्हती.