आत्याबाई गप्प बसली तेव्हा

ताईने ते यंत्र तयार केलं तेव्हा तिची चाळिशी उलटून गेली होती आणि तिच्या हातून काही नवं होईल ही आशा घरातल्यांनी सोडून दिली होती. ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करायची. तराजूंचे अडकलेले काटे मोकळे करायचे, सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर चढलेली बुरशी पुसायची, असली कामं. वडिलांचा कारखाना धाकट्या भावाकडे आला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, एक भट्टी आणि छताला टेकेल असा जुना प्रेस. भट्टीतून काढलेला लालबुंद तुकडा खालच्या साच्यावर ठेवायचा, वरचा साचा दाणकन आदळला की त्याचा आकडा नाहीतर दांडा व्हायचा.

धातूत चीर वाढत असताना बारीक आवाज होतो. माणसाच्या कानाला तो कळत नाही, उपकरणाला कळतो. शांत खोलीत तो पकडणं काही नवीन नव्हतं. पण प्रेसच्या दणदणाटात कोण काय ऐकणार? ताईने त्यावर तोड काढली होती. घाव पडताना यंत्राने कान झाकून घ्यायचे, दणका ओसरला की उघडायचे आणि पुढचा घाव पडेपर्यंत तेवढंच ऐकायचं. सांगायला सोपं होतं. जमवताना तिच्या कितीतरी वर्षांच्या सुट्ट्या त्यात गेल्या.

धाकट्याने मोठ्या कौतुकाने ते आपल्या प्रेसवर बसवू दिलं. प्रेसच्या जाडजूड खांबाला ग्रीस लावून एक चकती चिकटवली, तिची तार भिंतीवरच्या पेटीत नेली. चीर वाढल्याचा आवाज आला की पेटीवरचा दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा.

प्रेस चालवायचे मिस्त्री. वडिलांच्या काळापासूनचे. ताई लहान असताना तिला कडेवर घेऊन त्यांनीच भट्टी दाखवली होती. पेटीकडे मान वाकडी करून बघत ते म्हणाले, "आता ही आमच्या डोक्यावर बसून चुका काढणार म्हणायची. आमची आत्याबाई अश्शीच होती."

नाव चिकटलं. त्याच आठवड्यात आत्याबाई पहिल्यांदा ओरडली.

काम थांबलं. भट्टीतले तुकडे बाहेर काढून टाकावे लागले. प्रेस पुसून खांबाला लाल रंग फासला, तो पुसून वर पांढरी भुकटी फवारली. चीर असेल तर तिच्यात मुरलेला रंग भुकटीवर रेघ होऊन उमटतो. सगळे वाकून वाकून बघत राहिले. रेघ काही उमटली नाही.

"पहिलीच वेळ आहे, ताई," धाकटा म्हणाला. "होतं असं."

पण मग असं होतच राहिलं. भोंगा वाजायचा, काम थांबायचं, रंग, भुकटी, आणि खांब आपला कोरा. गिऱ्हाइकं माल कधी मिळणार म्हणून धाकट्याच्या मागे लागली. कामगार भोंग्याची नक्कल करायचे. एक जण तर डबा उघडता उघडता "आत्याबाई, जेवू का?" असं पेटीला विचारायचा आणि सगळी शेड हसायची. ताईही हसायची. घरी जाऊन मात्र तारा तपासायची, चकती बदलायची. यंत्रात तिला कुठे दोष सापडेना.

"तुझं यंत्र घाबरट आहे," एका दुपारी धाकटा म्हणालाच. "पाल चुकचुकली तरी ओरडेल."

"खांबाच्या आत काही असेल. आतून तो पोकळ आहे. तिथे आपला रंग पोचत नाही."

"मग काय, खांब कापून बघू?"

खांब उघडायचा म्हणजे अख्खा प्रेस खाली उतरवायचा. तसं करू या, असं म्हणायला लागणारा विश्वास तेव्हा तिच्याजवळ उरला नव्हता.

त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीचे लोक यंत्र बघायला येतो म्हणाले. त्यांना पसंत पडलं तर ते शेकडो कारखान्यांत गेलं असतं. त्यांच्यासमोर उगीच भोंगा वाजला असता तर सगळंच मुसळ केरात. ते यायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी असताना तिने पेटी उघडली आणि बारीक पेचकसाने आतला स्क्रू फिरवला. यंत्राचा कान थोडा जड केला, इतकंच. प्रयोगशाळेतल्या शांततेत ठरवलेलं माप कारखान्याला कसं चालेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पटण्यासारखं होतं ते. कुणालाही पटलं असतं.

पाहुण्यांसमोर आत्याबाई शहाण्या मुलीसारखी वागली. प्रेस चालू होता, ती गप्प होती. मग ताईने बाजूच्या टेबलावर खाच पाडलेली एक पट्टी शिकंज्यात वाकवली, चकती तिला लावली, आणि पट्टीला चीर जाताच भोंगा वाजला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "माझी बहीण आहे ही."

स्क्रू पुन्हा जागेवर आणायचा हे तिच्या मनात होतं. पण शेडमध्ये आता काम सुरळीत चाललं होतं, टोमणे बंद झाले होते, धाकटा जेवायला थांब म्हणून आग्रह करायचा. आज करू, उद्या करू, असं करता करता ते राहून गेलं.

खांब तुटला तो भर सकाळी. घाव पडला तो नेहमीसारखाच, पण खांबाला उभी भेग गेली, वरचा साचा तिरका होऊन घसरला आणि सांडशी धरलेला मिस्त्रींचा उजवा हात त्याखाली आला. पेटीवरचा दिवासुद्धा लागला नव्हता.

मिस्त्री वाचले. हात कोपरापासून काढावा लागला.

हॉस्पिटलमधून ताई तडक शेडमध्ये आली. तुटलेल्या खांबापाशी उकिडवी बसून तिने आतली बाजू बॅटरीने बघितली. त्या दिवशी तुटलेला भाग चकचकीत होता, ताज्या मोडलेल्या खडीसाखरेसारखा. पण आतल्या कोपऱ्यातला तळहाताएवढा भाग काळपट पडला होता, त्यात तेल मुरलेलं होतं. ती चीर जुनी होती. महिनोन्‌महिने थोडी थोडी वाढत आलेली. आत्याबाई दर वेळी ओरडली ती हिच्यासाठीच.

धाकटा मागे येऊन उभा राहिला. "आतल्या बाजूला होती," तो म्हणाला. "कुणालाच दिसली नसती, ताई. तुझ्या यंत्रालासुद्धा ऐकू आली नाही."

"आली होती," ती म्हणाली. "मीच आत्याबाईचा कान बंद केला."

तिने सगळं सांगितलं. धाकटा खांबाला पाठ टेकून खाली बसला. "मी तरी तुझ्या यंत्राला कुठे धड ओरडू दिलं होतं," तो म्हणाला. तेवढ्याने कुणालाच हलकं वाटलं नाही. दोघं तिथेच बसून राहिली. शेवटी कुणीतरी येऊन भट्टी विझवायची का, असं विचारलं.

मिस्त्रींना सांगायला ती त्यांच्या घरी गेली तेव्हा ते खिडकीशी बसून डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायचा सराव करत होते. बायकोने मदत केलेली त्यांना चालत नव्हती. ताई बोलत असताना त्यांची बोटं थांबली.

"ती ओरडलेली मलाही कुठे आवडायची?" ते म्हणाले. "मीच तर तिला नावं ठेवली. त्याचं काही नाही."

"काका, मला वाटलं..."

"पण मला एका शब्दाने सांगायचंस. मशीनपुढे उभा मी राहत होतो ना? हिला आता कमी ऐकू येतंय एवढं कळलं असतं, तर मी आपला जरा बाजूला उभा राहिलो असतो."

मिस्त्रींनी बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि पुन्हा बटणाशी झटापट सुरू केली. चहा आला, तो ती प्यायलीही. निघताना दारापर्यंत पोचवायला येऊन ते म्हणाले, "सांभाळून जा हं, पायरी उंच पडेल तुम्हाला."

तुम्हाला. आयुष्यभर त्यांनी तिला 'ए पोरी' अशी हाक मारली होती. त्या दिवसापासून ती 'अहो ताई' झाली. पुढे ते कधी कारखान्यात आले, लग्नाकार्यात भेटले, नीट बोलले, तिची तब्येत विचारली. पण अहो-जाहो सुटलं नाही. तिने एकदा हसत हसत, "काका, मी काय परकी झाले का?" असं विचारून बघितलं. तेही हसले. "छे हो, भलतंच काय," म्हणाले.

मोठ्या कंपनीने यंत्र घेतलं. धाकट्याकडच्या अपघाताबद्दल ताईने त्यांना स्वतःहून सांगितलं. त्यांचा साहेब म्हणाला, म्हणजे यंत्र खरं ठरलं, आपल्याला बरंच आहे की. तिने अट घातली. यंत्र किती ऐकतंय ते दाखवणारी तबकडी पेटीच्या दर्शनी भागावर हवी, मशीन चालवणाऱ्याला उभ्या जागेवरून दिसेल अशी. कुरकुर करत त्यांनी ती मान्य केली.

आता ती नोकरी सोडून यंत्रं बसवत हिंडते. कुठल्याही कारखान्यात गेली की साहेबाच्या खोलीत बसायच्या आधी मशीन चालवणाऱ्याला गाठते. तबकडीवरचा काटा त्याला दाखवते, तो खाली आला तर आधी हातातलं काम सोडून बाजूला हो म्हणून सांगते. यंत्र त्रास देईल, उगीच ओरडतंय असं वाटेल, हेही सांगते. बहुतेक जण मान डोलावतात. मध्येच एखादा विचारतो, "तुमचं यंत्र कधी चुकलंय का हो?"

"यंत्र नाही चुकलं," ती म्हणते, आणि चकतीला ग्रीस लावायला घेते.