तारांगणाचा चालू खर्च

आमच्या आत्याचं तारांगण होतं. म्हणजे एका गोदामात कापडाचा घुमट, त्याखाली रेलून बसायच्या खुर्च्या आणि मधोमध तिनं स्वतः जुळवलेलं तारे दाखवणारं यंत्र. तारांगण काढायचं म्हणून लग्न केलं नाही, असं आत्या सांगायची. लग्न जमलं नाही म्हणून तारांगण काढलं, असं माझे वडील सांगायचे. सख्खी भावंडं, त्यामुळे दोघांचंही खरं धरावं लागे.

मी तिथे तिकिटं फाडायचो. इंजिनिअर आहे, त्यामुळे सरळ रेषेत फाडायचो.

आम्हाला अनुदान मिळत नव्हतं असं नाही. नवीन वस्तू मागितली की मिळायचं. दुर्बिणीसाठी मिळालं, मग दुसऱ्या दुर्बिणीसाठी, मग दोन्ही दुर्बिणी ठेवायच्या कपाटासाठी. पण विजेचं बिल, गळकं छप्पर, भाडं आणि मी, हे सगळं जुनं असल्यामुळे कुठल्याच योजनेत बसत नव्हतं. भाडं थकलं म्हणून जागेचा मालक कुलूप विकत घेऊन बसला होता.

तेवढ्यात सांस्कृतिक खात्यानं चालू खर्चाचं अनुदान जाहीर केलं.

"चालू खर्च म्हणजे?" वडिलांनी विचारलं.

"रोजचा, दादा. दिवे, पंखे, पगार."

"पगार? याला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शास्त्रज्ञांच्या नजरचुकीनं सापडलेला ग्रह आहे.

अट एकच होती. तपासणीला बाई येणार, आणि लोकांना इथे आकाश शिकायला मिळतं याची त्यांना खात्री पटायला हवी.

इथेच गोची होती. आमचे खेळ भरलेले असायचे, पण झोपलेल्यांनी. रात्रपाळीची नर्स, ट्रकवाले, नुकते बाप झालेले दोघं-तिघं. अंधार, गारवा आणि वर आत्याचा आवाज. ध्रुवतारा येईस्तोवर निम्मे गार. शनी आमच्याकडे कधी कुणाला लागला नाही, त्याआधी डोळा लागायचा.

आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. ती घुमटाकडे तोंड करून बोलायची आणि मागच्या शांततेला तल्लीनता समजायची. घोरणं ऐकू आलं की तिला वाटायचं, यंत्राची मोटर कुरकुरतेय. बिचारी दर आठवड्याला मोटरीला तेल द्यायची. शेवटी दिवे लागले की दचकून जागे झालेले लोक टाळ्या वाजवायचे. मनापासून वाजवायचे, ताजेतवाने झालेले असायचे.

तपासणीच्या दिवशी मी नर्सला बाजूला घेतलं. "ताई, आजचा दिवस जाग्या राहा."

"मी इथे जागी राहिले तर रात्री पेशंट मला उठवतील," ती म्हणाली. तरी तिनं कबूल केलं. मी सगळ्यांना कडक चहा पाजला. एका ट्रकवाल्यानं तर स्वतःला चिमटे काढायचं वचन दिलं.

तपासणीच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या. आत्यानं बोलायला सुरुवात केली. ट्रकवाला शेजाऱ्याला चिमटे काढत होता, शेजारी शिव्या देत होता, म्हणजे सगळं छान चाललं होतं. आणि मग मोटर कुरकुरली. पहिल्या रांगेतून.

दिवे लागले तेव्हा बाईंच्या गालावर खुर्चीच्या शिवणीची नक्षी उमटली होती.

"रोज असंच असतं?" त्यांनी विचारलं.

"रोज," आत्या अभिमानानं म्हणाली. "टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"नवरा गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती हो मला." बाईंचे डोळे भरून आले.

"झोप?" आत्या म्हणाली.

 नर्स धीर करून पुढे आली. "आम्ही डोळे मिटून ऐकतो, आत्या. नीट ऐकू येतं."

"मग शनीचं काय सांगते मी?"

नर्सनं सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी छताकडे. "शनीपण असतो का यात?"

आत्या यंत्राचं झाकण लावत बसली. ते आधीच लागलेलं होतं.

बाईंनी प्रामाणिकपणे काम केलं. संस्था उत्तम चालते, पण ती आकाशाची नव्हे, झोपेची, असं त्यांनी कळवलं आणि आमचा अर्ज आरोग्य खात्याकडे पाठवून दिला. आरोग्य खात्यानं तो विश्रांती केंद्र म्हणून ताबडतोब मंजूर केला. दिवे, पंखे, छप्पर, भाडं, अगदी मीसुद्धा. फक्त विश्रांती केंद्रात प्रकाश आणि बोलणं चालणार नव्हतं.

"म्हणजे यंत्र बंद ठेवायचं," मी म्हणालो.

"आणि मीही," आत्या म्हणाली. मालक दारात कुलूप घेऊन उभा होता. तिनं सही केली.

दुसऱ्या दिवसापासून तारांगणात कुणालाच झोप लागेना.

लोक अंधारात टक्क जागे पडून राहायचे. कूस बदलायचे, खोकायचे, एकमेकांना "तुम्ही सरका" म्हणायचे. आत्या बंद यंत्राशेजारी स्टुलावर बसलेली असायची.

"आत्या, बोला की काहीतरी," नर्स कुजबुजली. "मंगळ वगैरे."

"तुला मंगळ कुठे हवाय?"

"मला झोप हवीय. त्यात मंगळ आला तर माझी काय हरकत?"

"नियमात नाही."

"अगं, बोल ना," मी म्हणालो. "कोण बघायला येतंय?"

"मी इतकी वर्षं बोलले," आत्या म्हणाली. आवाज अगदी रोजचाच होता, त्यामुळे एवढ्या एका वाक्यावर मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. ते ऐकून ती जी गप्प झाली, ती झालीच.

लोक येईनासे झाले. नर्स सगळ्यात शेवटी. विश्रांती घेणारंच कुणी नाही म्हटल्यावर आरोग्य खात्यानं अनुदान थांबवलं, आणि मालकाच्या कुलपाचं चीज झालं.

यंत्र हलवायला टेम्पो बोलावला. टेम्पोवाला उत्साही होता. यंत्राभोवती एक चक्कर मारून, भोकांतून आत डोकावून म्हणाला, "मावशी, भारीच दिसतंय. काय आहे हो हे? कशासाठी असतं?"

मी आत्याकडे पाहिलं. कुणी एवढं विचारलं की ती त्याला तासभर सोडत नसे.

"जड आहे," ती म्हणाली. "खालून धर."