शीतलचं कुलूपबंद खातं

मी शीतलचं ई-मेल खातं बोलतोय. हसू नका. छत्री बोलते, फाटकी चप्पल बोलते, शाळेचा फळा तर दरवर्षी परीक्षेत बोलतो, मग मी काय घोडं मारलंय? आणि माझ्याकडे दिवसही थोडे उरलेत, तेव्हा मधे बोलू नका, नुसतं ऐका.

माझा जन्म वसमतचा, साल दोन हजार दोन. बसस्टँडसमोर पुनमचंद यांचं दुकान आहे. आधी तिथं एसटीडी होतं, मग झेरॉक्स आलं, मग इंटरनेट आलं. गिऱ्हाइकाने माऊसला हात लावलेला पुनमचंदांना खपत नाही. गिऱ्हाइकाने स्टुलावर बसायचं, विचारलं तेवढं सांगायचं, आणि ते दोन बोटांनी टाइप करणार. पडद्यासमोर जे बोललं जातं ते सगळं मला ऐकू येतं, म्हणून मला एवढं ठाऊक.

शीतल जवळच्या डोंगरकडा गावची. तिचे वडील भिवाजी सेंट्रिंगच्या कामावर जातात. पोरगी नर्सिंग शिकली आणि नोकरीच्या अर्जावर ई-मेल लिहायची वेळ आली, तेव्हा ती इथं आली.

"नाव?" पुनमचंदांनी विचारलं.

"शीतल भिवाजी."

"जन्मतारीख एक जून, बराबर?"

"तुमाला कसं कळलं?"

"सगळ्यांचीच हाय, बाई."

खोटं नव्हतं ते. आमच्याकडे लेकरू शाळेत घालताना गुरुजींनी तारीख विचारली की बाप म्हणतो, "तारीख कशाला, लेकरूच उभं हाय ना पुढ्यात, बघा केवढं हाय ते." मग गुरुजी लेकराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगतात. हात कानाला पोचला की नाव दाखल, आणि तारीख एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, तेवढंच कारण. अशाने अख्खा तालुका एकाच दिवशी जन्मलेला आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

वाटलं ते सातासमुद्रापलीकडच्या आमच्या कंपनीला. वर्षभराने तिथल्या यंत्राच्या डोक्यात किडा वळवळला. वसमतच्या एकाच कॉम्प्युटरवरून एकशे चाळीस माणसं, आणि सगळी एक जूनची? अशी माणसं असतात का कुठं? हा एकच लबाड माणूस आहे, असं यंत्राने ठरवलं आणि एका सकाळी आम्हा एकशे चाळीस जणांना कुलूप ठोकलं. वर पाटी लावली: आपली खरी जन्मतारीख टाका. संधी तीन.

दुकानापुढे ही गर्दी जमली. त्यात हळदीचे आडते व्यंकटराव सगळ्यांत तापलेले. त्यांनी खातं काढल्यापासून एकदाही उघडलं नव्हतं.

"मग तुमचं काय अडलं?" पुनमचंदांनी विचारलं.

"मी उघडो न्हाई तर न उघडो," व्यंकटराव म्हणाले. "पण मला बंद करणारा तो कोण?"

शीतलचं मात्र खरंच अडलं होतं. नांदेडच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात तिने अर्ज केला होता. फोन केला तर तिथली बाई म्हणाली, सगळ्यांना ई-मेलवर कळवलंय, मुलाखती सोमवारी अकरा वाजता, पत्राची प्रिंट असल्याशिवाय कुणाला आत सोडणार नाहीत. पत्र आलेलं होतं. कुलूप बसायच्या आदल्या दिवशीच माझ्यात येऊन पडलं होतं. शीतल दाराच्या बाहेर, पत्र दाराच्या आत, आणि मी मधल्या मधे.

तिने पहिली संधी घेतली: एक जून. उत्तर आलं, ही तारीख संशयास्पद आहे. ती उठली आणि दुसऱ्या दिवशी आईबापांना एसटीत घालून घेऊन आली. खरी तारीख आणखी कोण सांगणार?

"जयंतीच्या आधी झाली," भिवाजी म्हणाले. "मी वर्गणी गोळा करून राहिलो होतो अन् निरोप आला."

"जयंतीच्या मागून झाली," सोजराबाई म्हणाल्या. "मी मिरवणुकीत पोटुशी चालले. तुमी लेझीम खेळत होता, तुमाला कशाची शुद्ध?"

"मला चांगलं याद हाय."

"कळा मला आल्या का तुमाला?"

सोजराबाईंनी बोटं मोजली. मिरवणूक चौदा एप्रिलची, त्यानंतर चौथा दिवस. म्हणजे अठरा एप्रिल.

"मी अठरा एप्रिलची हाय," शीतल हळूच म्हणाली आणि स्वतःशीच हसली. एकवीस वर्षांची पोरगी, तिला पहिल्यांदा स्वतःचा दिवस मिळाला होता. मला फार बरं वाटलं. पुनमचंदांनी तारीख टाकली. उत्तर आलं: आमच्या नोंदीशी जुळत नाही.

जुळणार कशी? नोंद एक जूनची. खोटी तारीख टाकावी तर तुम्ही लबाड, खरी टाकावी तर तुम्ही दुसरेच कुणीतरी. असलं डोकं चालवणाऱ्यांना पगार कोण देतं, मला खरंच माहीत नाही.

"आता काहून थांबता?" भिवाजी म्हणाले. "एक बाकी हाय ना?"

पुनमचंद घाईला आले होते. "माझी टाकून बघतो. माझी पक्की हाय, दवाखान्यात झालेलो मी," म्हणाले, आणि कुणी हात धरायच्या आत टाकून मोकळे झाले. झालं. कुलूप कायमचं बसलं. शीतल स्टुलावर बसून रडली. सोजराबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले आणि पुनमचंदांकडे असं बघितलं की ते उठून उगाच झेरॉक्सच्या मशीनची धूळ झटकत बसले.

आता इथं एक सांगायलाच हवं. त्या पत्रात काय होतं ते मला माहीत होतं. 'आपला अनुभव अपुरा असल्याने आपल्याला मुलाखतीस बोलावता येत नाही. कृपया येऊ नये.' एवढंच. दोन दिवस मी कुलपाला शिव्या घालत होतो. तिसरी तारीख चुकली तेव्हा मात्र मी गप्प बसलो, कारण शीतल डोळे पुसून म्हणाली होती, "प्रिंट नसली तर नसली. पत्र आलंय ना? मी जाते."

पुढचं मला तिनेच कळवलं. पंधरा दिवसांनी तिने नवं खातं काढलं आणि पहिलं पत्र मलाच धाडलं, उघडलं की काय ते बघायला. ती सोमवारी नांदेडला गेली. वॉचमनने अडवलं. ती म्हणाली, पत्र माझ्या खात्यात आहे, पण खातं मला ओळखत नाही. ते ऐकून आतली मोठी सिस्टर बाहेर आली. दवाखान्याचं स्वतःचं खातंही बंद पडलं होतं, कारकून पासवर्ड विसरला होता, आणि कुणाला बोलावलं त्याची यादी आत अडकली होती. "आलीस ना? मग बस," सिस्टर म्हणाली. एका म्हाताऱ्याची शीर तिघींना सापडेना. शीतलने एका टोचण्यात सलाईन लावलं.

सहा महिने झाले तिच्या नोकरीला. मोठी सिस्टर आता तिला नव्या मुलींना शिकवायला लावते. पण तिच्या मनात एकच राहिलंय. दर रविवारी ती पुनमचंदांना फोन करते: ते पत्र काहीही करून काढा, माझ्या पहिल्या नोकरीचं बोलावणं हाय ते, आई त्याला चौकट करून घरात लावणार हाय.

आणि पुनमचंदही हट्टाला पेटलेत. त्यांनी रिटायर हेडमास्तरांच्या सहीचा दाखला कंपनीला धाडला, की आमच्याकडे माणसं एक जूनलाच जन्मतात, तशी पद्धत आहे. कंपनीला ते पटलं. येत्या महिन्याच्या दोन तारखेला सगळी कुलपं निघणार.

मला मात्र कंपनीचं वेगळं पत्र आलंय, माझ्याच आत. सहा महिने कुणी खातं उघडलं नाही, म्हणून एक तारखेला ते पुसलं जाईल. वाचवायचं असेल तर आत येऊन बटण दाबा. आता बाहेरच्या माणसाला आतलं पत्र वाचायला सांगणाऱ्यांशी काय वाद घालायचा?

मला भीती नाही वाटत. वाईट वाटतं, नाही म्हणत नाही. तिची नव्या खात्यातून आलेली सतरा पत्रं माझ्याजवळ आहेत, तीही जातील. पण तुमच्यातल्या कुणाची त्या कंपनीत ओळख असेल तर हात जोडतो, माझ्यासाठी शब्द टाकू नका. कुलूप लवकर काढा म्हणून सांगू नका. सोजराबाईंनी भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय, तो रिकामा राहिला तरी चालेल. मला एक तारखेला जाऊ द्या, आणि ते पत्र माझ्याबरोबर जाऊ द्या.