तीन शाळा

मी मंगल. निपाणीत ब्लाउज शिवते, आणि तोंडानं फाटकी हाय हे गल्लीत कुणालाबी विचारा. धाकट्या बहिणीची पोर, ऋतिका, पाच वर्षांची असताना माझ्याकडं आली. तिचा बाप महादेव पिऊन आला की बहिणीला मारायचा, आणि पोर कोपऱ्यात बसून समदं बघायची. शेवटी त्यानं बहिणीचा जीवच घेतला. तो तुरुंगात गेला, पोर मी आणली.

मराठी शाळेत घातली. वर्ष गेलं तरी पोरीला एक अक्षर येईना. बाई म्हणायच्या, "लक्षच न्हाय हो हिचं, सारखी दाराकडं बघत्या." आमच्या सीमाभागात पोर मागं पडलं की पहिला दोष भाषेला. भाऊ यल्लाप्पा म्हणाला, "आक्का, कन्नड शाळेत घाल. हितं ऱ्हायचं तर कन्नड पायजेच." घातली. तिथं मास्तरांचा आवाज चढला की ही चड्डीत मुतायची. मग शेजारणी म्हणाल्या, इंग्लिश मीडियमला टाक, तिथं मारत न्हाईत. टाकली. तिथंबी अक्षर येईना. चार वर्षांत तीन शाळा झाल्या, आणि रोज संध्याकाळी मी खेकसायची, "डोक्यात दगड भरलाय का गं?"

गेल्या आठवड्यात तिला बेळगावला पोरांच्या मनाच्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडमकडं नेली. समदं सांगून मी विचारलं, "आता कुठली भाषा ठेवू?"

मॅडम म्हणाल्या, "मंगलताई, प्रश्न भाषेचा नाहीच. मेंदू घडायच्या वयात ही सतत भीतीत होती. धोका कुठनं येतोय ते बघायचं, एवढंच तो पक्कं शिकला. सगळं ध्यान तिकडं असलं की अक्षरं डोक्यात टिकत नाहीत. तिला एक घर, एक शाळा आणि न ओरडणारं एक माणूस हवं होतं."

"हवं होतं म्हंजे? आता उपेग न्हाय?"

"आताही हवंय. पण किती भरून निघेल, ते मला सांगता येणार नाही."

लई राग आला, मॅडमचा न्हाय, माझाच. भाषा भाषा करत दर खेपेला मी पोरीला अनोळखी माणसांत नेऊन बसवलं, आणि वर घरात माझं हे तोंड. बापानं केलं ते केलं, ऱ्हायलेलं मी केलं.

घरी आल्यावर यल्लाप्पाला हळू आवाजात हे सांगत बसले. मग आत गेले, तर ऋतिकानं आपले फ्रॉक घडी घालून पिशवीत भरलेले, आणि चपला घालून खाटेवर बसलेली.

"कुठं निघालीस गं?"

"तुम्ही हळू बोललासा की मला दुसरीकडं नेता," ती म्हणाली. "शाळा तर समद्या झाल्या. आता कुणाच्या घरी जायचं, मावशी?"

मॅडमनी सांगितलं तसं, अजिबात आवाज न चढवता, हळूच म्हणाले, "कुठंबी न्हाय गं. हितंच ऱ्हायचं, माझ्यापाशी."

तिनं मान हलवली. चपला काढल्या न्हाईत.