खळ्यावरची जागा

टेम्पो रेवदंड्याला मासळी सुकवायच्या खळ्यावर येऊन थांबला, तेव्हा आवडाबाई बांबूच्या वलांडीखाली उभी राहून दोरावर बोंबील अडकवत होती. कालचे निम्मे सुकले होते, आजचे अजून ओले होते.

टेम्पोत सुकवणी यंत्राचे भाग होते. उन्हावर चालणारं, मासळीला माशी नि वाळू लागू न देणारं हे यंत्र महिला गटाला मिळावं म्हणून आवडाबाईची सून क्रांतीनं वर्षभर धावपळ केली होती. ती गटाची अध्यक्ष. यंत्र लिलावाच्या शेडमागं उभं करायचं ठरलं होतं. पण यंत्र देणाऱ्या संस्थेचा इंजिनियर अल्पेश खाली उतरला, वर बघून म्हणाला, "इथं सुरूच्या झाडांची सावली येते. समोरची मोकळी जागा घेऊ."

"ती मोकळी नाही. म्हाताऱ्या बायकांच्या वलांड्या आहेत तिथं," क्रांती म्हणाली.

"बांबूच आहेत ना? काढता येतील. मॅडम, उद्या साहेब उद्घाटनाला येतायत. आज उभं राहिलं नाही, तर यंत्र बोर्ली पंचतनच्या गटाला जाईल."

गटातल्या बायका जमल्या होत्या. पूनमनं क्रांतीचा दंड धरला. "जा, सासूला सांग."

क्रांती वाळू तुडवत गेली. "आई, वलांडी सोडाया लागंल."

"कधी?"

"आत्ता."

आवडाबाईचे हात थांबले नाहीत. "बोंबील वले हायेत. परवा सुकतील. परवा मीच सोडते."

"उद्या कार्यक्रम हाय."

"मग मशिनीत माझी मासळी घेशील?"

यंत्रात फक्त गटातल्या बायकांची मासळी घ्यायची होती. साठी उलटलेल्या बायकांना गटात घेता येत नव्हतं. तो नियम तिनंच बैठकीत वाचून दाखवला होता, आणि तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तोवर अल्पेशच्या माणसांनी कडेचा खांब हलवायला घेतला. आवडाबाईनं धावत जाऊन बांबूला मिठी मारली. "सोड रे!" माणसानं हिसडा दिला. दोर तुटला, बोंबलांची अख्खी ओळ वाळूत पडली आणि म्हातारी गुडघ्यांवर आपटली.

"हात लावू नका!" क्रांती ओरडली.

"मॅडम, विचार करा. एकदा टेम्पो वळला की..."

"वळवा."

"क्रांती!" पूनम पुढं आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "बैठकांना आम्हीबी बसलो. तुझ्या सासूपायी आमचं का घालवतेस?"

"दोनच दिस मागितले गं तिनं."

अल्पेशनं कुणाला तरी फोन लावला, पुन्हा लावला, नकारार्थी मान हलवली. टेम्पो गेला.

क्रांती बोंबील वेचायला वाकली, तशी आवडाबाई म्हणाली, "र्‍हाऊ दे. त्यांच्याकडं जा. न्हायतर उद्यापास्नं तुला कुणी हाक मारायचं न्हाय."

तसंच झालं. नळावर क्रांती दिसली की बायका गप्प होत. पुढच्या बैठकीत पूनमला अध्यक्ष केलं. क्रांतीनंही तिच्यासाठी हात वर केला, मग विचारलं, "पुन्हा यंत्र मिळालं, तर उभं कुठं करायचं?"

पूनम बराच वेळ चटईच्या काड्या उपटत राहिली.

"वलांडीवाल्यांना पुढल्या बैठकीला बोलव," ती अखेर म्हणाली. "पण तू जा. मला त्यांच्या दारात जाववत न्हाय."