डोळ्यांचं कार्ड

अप्पांनी आयुष्यभर लिलाव पुकारले. मोडकी कपाटं, बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं, कुणाकुणाचे पियानो. यांच्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणायची. मग आजाराने आधी त्यांचे हात नेले, मग पाय, आणि शेवटी ती जीभही. राहिले डोळे. पलंगासमोरच्या पडद्याखाली एक कॅमेरा बसवला होता. अप्पा ज्या अक्षराकडे बघत, ते अक्षर तो टिपायचा आणि वाक्य पुरं झालं की स्पीकरमधला खरखरीत आवाज ते वाचायचा. त्या उसन्या आवाजातही अप्पा आईशी यथास्थित भांडायचे.

सोमवारी सकाळी त्या कॅमेऱ्याचा संगणक जळाला. खोलीभर करपल्याचा वास सुटला आणि अप्पांचं वाक्य अर्ध्यातच तुटलं.

मंगळवारी डॉक्टर आले. अप्पांचा श्वास आता पुरत नव्हता. गळ्यातून नळी घालून श्वासाचं यंत्र लावायचं की नाही, ते ठरवायला हवं होतं.

"नळी बसवायची का? हो असेल तर वर बघा, नको असेल तर खाली."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा मिटले.

"त्यांना काहीतरी वेगळंच म्हणायचंय," आई म्हणाली आणि अक्षरांचा तक्ता घेऊन बसली. ती बोट फिरवायची, अप्पांनी पापणी लववायची. पण पापणी होकारासाठी लवली की थकून मिटली, हेच समजेना. बराच वेळ गेला, हाती दोन अक्षरं आली, आणि तीही बहुधा चुकीची.

"उद्या संध्याकाळी येतो," डॉक्टर म्हणाले. "त्यापुढे थांबणं धोक्याचं आहे. तोवर त्यांना सांगता आलं नाही, तर तुम्हाला ठरवावं लागेल."

तुम्हाला म्हणजे आईला आणि धाकट्या लेकीला, छोटीला. छोटी चांगली पस्तिशीची होती, पण घरात तिचं नाव छोटीच. ती कार्टूनपटांसाठी पाणी, धूर, ढग बनवायची. त्यामुळे तिच्याकडे दणकट संगणक होता आणि सगळ्यांची भिस्त त्याच्यावरच होती.

कॅमेऱ्याची केबल एका कार्डाला जोडलेली असायची आणि ते कार्ड संगणकाच्या पोटात. कार्ड वाचलं होतं, जुनी डिस्कही वाचली होती. पण कॅमेऱ्याचा प्रोग्राम जुन्या विंडोजशिवाय चालत नव्हता आणि ते विंडोज छोटीच्या नव्या संगणकावर चढत नव्हतं. म्हणून तिने आपल्या संगणकाच्या आत दुसरा, नुसता प्रोग्रामने बनलेला संगणक उभा केला. व्हर्च्युअल मशीन. जुनं विंडोज त्यात टाकलं. आता खरं कार्ड थेट त्या आतल्या संगणकाच्या, त्या पाहुण्याच्या हवाली करायचं, एवढंच उरलं होतं.

एवढंच. पाहुणा सुरू केला की विंडोजचं चिन्ह दिसायचं आणि सगळा संगणक थिजायचा. माउस मेलेला, कीबोर्ड मेलेला. बटण दाबून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, की पुन्हा तेच. तिने बायोसमधल्या, म्हणजे संगणकाच्या अगदी मुळातल्या सेटिंग बदलल्या, ड्रायव्हर बदलले, अनोळखी लोकांनी इंटरनेटवर दिलेले सल्ले एकेक करून पाहिले. दर वेळी ती लॉग उघडायची. संगणक आपल्या दुखण्याखुपण्याची नोंद तिथे, डिस्कवर करतो. पण नोंदी क्रॅशच्या जरा आधीच थांबायच्या, काही झालंच नाही अशा थाटात.

बुधवारी दुपारी परगावाहून दादाचा, तिच्या भावाचा, फोन आला. "कॅमेराच नवीन मागव ना."

"मागवलंय. यायला दीड महिना लागेल."

"मग तू आणि आई ठरवा. अप्पांच्या मनात काय असेल, ते आपल्याला कळत नाही का?"

"तुला कळतंय? मग सांग."

छोटीने फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. पलीकडच्या खोलीतून अप्पांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. आई दारात येऊन उभी राहिली.

"होईल ना गं?"

"माहीत नाही, आई. मरताना एक शब्द लिहून ठेवत नाही हा. कशाने मेला, निदान ते तरी..."

ती बोलता बोलता थांबली. लिहीत का नाही? कारण लिहायला त्याच्यापाशी काही उरतच नाही!

ती ताडकन उठून बसली. मदरबोर्ड, म्हणजे संगणकाची मुख्य पाटी, आपल्यावरच्या काही भागांचे गट पाडतो आणि गटातला एकच भाग पाहुण्याला देता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी, कुणाच्या तरी सल्ल्याने, तिने अख्खा गट देऊन टाकला होता. घाईत त्यातली नावं वाचली नव्हती. आता वाचली. यादीत अप्पांच्या कार्डाच्या खालीच तिच्या स्वतःच्या संगणकाची डिस्क चालवणारा भाग होता. पाहुण्याला खोली द्यायला गेली आणि घराचा पायाच काढून दिला होता तिने.

कार्ड बसवायच्या खाचांपैकी सगळ्यात वरची आपल्या गटात एकटी होती, पण तिथे तिच्या कामाचं अवजड ग्राफिक्स कार्ड होतं. तिने स्क्रू काढले, कार्ड ओढलं. खाचेची प्लास्टिकची कडी तुटून हातात आली. ती बाजूला टाकून तिने अप्पांचं कार्ड तिथे दाबून बसवलं, पडदा मदरबोर्डच्याच जोडणीला लावला आणि सारं पलंगापाशी नेलं.

चिन्ह आलं. पडदा काळा झाला. आईने छोटीचं मनगट घट्ट धरलं. काळाच राहिला. आणि मग कॅमेऱ्याचे लाल दिवे लागले.

डॉक्टर आले तेव्हा अप्पा पडद्यावर सरकणाऱ्या ठिपक्यामागे डोळे फिरवत होते. कॅमेऱ्याला त्यांची नजर नव्याने ओळखावी लागत होती. मग अक्षरं आली. एकेक, फार हळू. कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही.

स्पीकर बोलला, "नळी घातल्यावर पुढे नकोशी झाली, तर काढाल का?"

डॉक्टर पलंगाशी खुर्ची ओढून बसले. ते उत्तर देणार तोच अप्पांचे डोळे पुन्हा चालू लागले.

"आणि त्या दिवशी हे बंद असेल, तर मी सांगू कसं?"

छोटीने मान खाली घातली. दोन दिवस अप्पांनी हेच भोगलं होतं.

"तुमच्या मनाविरुद्ध काही चालू ठेवणार नाही," डॉक्टर म्हणाले. "कधी नको, कशी अवस्था झाली तर नको, ते आज तुमच्याच शब्दांत घेऊ. लागेल तेवढा वेळ बसतो मी."

अप्पा पुन्हा अक्षरांकडे वळले. मग म्हणाले, "तर घाला."

आईचा बांध फुटला. "एवढंच होतं, तर मला नसतं का विचारता आलं? आजार झाल्यापासून मनात असेल हे!"

"तू रडली असतीस," स्पीकर म्हणाला.

"आता काय करतेय मग?"

अप्पांचेही डोळे भरून आले आणि पडद्यावरची अक्षरं सैरावैरा पळायला लागली. पाणी आलं की कॅमेऱ्याला बुबुळ सापडत नसे. छोटीने रुमाल घेतला आणि त्यांचे डोळे हलक्या हाताने टिपले. त्यांना अजून बोलायचं होतं.